शिकरणीच्या वासाची पेल एल

कुणाचं पोट हातावर असतं, कुणाचं डोक्यावर. माझं नाकावर आहे. गिऱ्हाईक दारातून बाटली घेऊन येतं, चेहरा असा की डॉक्टरकडे लहान मूल आणलंय. "बघा ना, हिला काय झालंय?" मी बूच काढतो, एकदा हुंगतो, डोळे मिटतो (डोळे मिटायची गरज नसते, पण गिऱ्हाइकाला बरं वाटतं) आणि निदान सांगतो. "उन्हात ठेवली होती." गिऱ्हाईक थक्क होतं. "तुम्हाला कसं कळलं?" मी गूढ हसतो. उन्हात राहिलेल्या बिअरला एक उग्र जनावराचा वास येतो, तो कुणालाही कळेल. पण हे सांगितलं तर धंदा कसा चालायचा?

ज्यांच्या घरी दिवाळी अंक देवघराशेजारी ठेवतात त्यांनी आत्ताच पान उलटावं. माझं दुकान घरगुती बिअरच्या सामानाचं आहे. बिअरचं नाही, सामानाचं. शिवणाच्या सामानाचं दुकान आणि तयार कपड्यांचं दुकान यांत जो फरक, तोच इथे. टेक्सासमधल्या शुगर लँड गावात, एका बाजूला कपडे धुवायच्या यंत्रांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला डोनट्सचं, यांच्या मधोमध आमची पाटी आहे. गावात खरोखरचा साखर कारखाना आहे, त्यामुळे माझ्यासारख्या सांगलीच्या माणसाला इथे पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही. आता घरी स्वतःपुरती बिअर करायला इकडच्या सरकारची हरकत नाही. पूर्वी होती. ती उठली तशी माणसं पिंपं आणि नळ्या घेऊन गराजमध्ये शिरली आणि अजून बाहेर आलेली नाहीत.

मी मुळात केमिकल इंजिनिअर. तेलाचे भाव कोसळले तेव्हा एका शुक्रवारी आमच्या मजल्यावरचे निम्मे लोक खोक्यात आपापल्या कुंड्या घेऊन लिफ्टमध्ये उभे होते. त्यातली एक कुंडी माझी. बायको, मृणाल, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू ओळखायचं काम करते, म्हणून घर चाललं. मी मात्र घरात फेऱ्या मारून गालिचा झिजवत होतो. नोकरी असताना गंमत म्हणून घरी बिअर करायचो, त्यामुळे वॉल्टरच्या दुकानात येणंजाणं होतं. नोकरी गेल्यावर येणं वाढलं आणि जाणं कमी झालं. एक दिवस वॉल्टर म्हणाला, "श्री, तू असाही इथंच असतोस. काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहा, म्हणजे निदान वाटेत येणार नाहीस."

वॉल्टर म्हणजे दुकानाचा मालक. आयुष्यभर बंदरावर जहाजांना वेल्डिंग केलेलं, हात नांगरासारखे, डोक्यावर कायम टोपी. त्याची बोलण्याची गती अशी की वाक्य संपेपर्यंत माझा एक फोन घेऊन व्हायचा. पण बिअरच्या बाबतीत अख्खा परगणा त्याचा शब्द झेलायचा.

आता कृती सांगतो, घाबरू नका, तुमच्या स्वयंपाकघरात हे सगळं आहे. जवाला मोड आणायचे आणि वाळवायचे, हे माल्ट. नाचणीच्या सत्त्वाला करतो तसंच. त्याचा काकवीसारखा पाक आमच्याकडे डब्यातून मिळतो. तो पाण्यात उकळायचा, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं टाकायची. झाला काढा. काढा निववून काचेच्या बुधल्यात ओतायचा आणि त्याला यीस्टचं विरजण लावायचं. बुधल्याच्या तोंडाला पाण्याची एक वाकडी नळी बसवायची, म्हणजे आतली हवा बुडबुड करत बाहेर जाते आणि बाहेरची आत शिरत नाही. आठवड्याभरात गडबड शांत होते. मग चिमूटभर साखर घालून बाटल्या भरायच्या, बुचं ठोकायची आणि दोन-तीन आठवडे हात मागे बांधून बसायचं. शेवटची पायरी सर्वांत कठीण.

एवढ्यात काय बिघडणार, असं तुम्हाला वाटेल. अहो, सगळं! लोकांना स्वच्छता म्हणजे काय ते समजवता समजवता माझा जीव जायचा. उकळून झाल्यावर काढ्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. पण आमची गिऱ्हाइकं कुत्र्याला थोपटून तोच हात बुधल्यात घालणारी. शेवटी मी त्यांना सोवळं शिकवलं. म्हटलं, "आमच्याकडे सणाचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला कुणी शिवत नाही. ती काही बाहेरचं शिवत नाही. मूल रडलं तरी लांबूनच बोलते. तुम्ही बिअर करत असताना ती बाई आहात." हे मात्र लगेच कळलं. डोरोथी नावाची आमची एक निवृत्त पियानो शिक्षिका होती, तिचा नवरा एकदा दुकानात येऊन तक्रार करून गेला, "काल फोन वाजत होता तर ही दोन्ही हात वर करून ओरडली, 'मी सोवळ्यात आहे!' हा नक्की काय आजार आहे?"

डोरोथी हंगामी बिअरवाली. बाराही महिने एकच बिअर करणं तिला कमीपणाचं वाटायचं. ऑक्टोबरात भोपळ्याची, ख्रिसमसला मसाल्याची, वसंतात मधाची. एका ख्रिसमसला तिनं दालचिनी, आलं आणि मूठभर लवंगा घातल्या. मूठभर! मी एक घोट घेतला आणि खालचा ओठ बधिर झाला. "कशी आहे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "डोरोथी, माझी दाढ दुखायची थांबली." "दुखत होती का?" "नाही, पण आता दुखणारही नाही."

तर अशा या दुकानात माझं बरं चाललं होतं, आणि वॉल्टरनं जाहीर केलं की तो दुकान सोडणार.

का, ते सांगितलं नाही. "दमलो," एवढंच म्हणाला. दर वर्षी नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी दुकानात चाखण्याचा कार्यक्रम असायचा. गिऱ्हाइकं आपापली बिअर आणायची, बाटल्या खाकी कागदात गुंडाळून ठेवायच्या, म्हणजे कुणाची कुठली ते कळत नाही, आणि वॉल्टर चाखून निकाल द्यायचा. निकालही कसा? आवडली नाही तर दोन घोट घेऊन उरलेली बादलीत. बोलायचा नाही. त्या बादलीच्या आवाजानं मोठमोठे वकील पांढरे पडलेले मी पाहिलेत. या वर्षी वॉल्टर मला म्हणाला, "श्री, दुकान तुला द्यायचं माझ्या मनात आहे. पैशांचं बघू, हळूहळू दे. पण ज्याला साधी पेल एल जमत नाही त्याच्या हातात मी दुकान देणार नाही. त्या दिवशी तुझी बाटली माझ्यापुढे येऊ दे."

पेल एल म्हणजे साधीसुधी, फिकट तांबूस, जराशी कडू बिअर. साधी, म्हणूनच अवघड. मसाल्याच्या बिअरमध्ये चुका लवंगेआड लपतात. पेल एलमध्ये लपायला जागा नाही. साधं वरण करण्यासारखं आहे ते. चांगल्या पेल एलला पपनसाच्या सालीचा वास आला पाहिजे. हॉप्सची एक अमेरिकन जात आहे, तिची ती देणगी.

आणि त्याच आठवड्यात माझ्या जुन्या साहेबांचा पेनसिल्व्हेनियातून फोन आला. ते तिकडे स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळ एका कारखान्यात लागले होते. माझ्यासाठी जागा होती. इंजिनिअरची. त्यांना उत्तर हवं होतं चाखण्याच्या कार्यक्रमानंतरच्या सोमवारी.

मृणाल म्हणाली, "दुकान मिळालं तर राहू. नाही मिळालं तर मी लॅब सोडते, आपण जाऊ. पण नोकरीही नाही आणि दुकानही नाही, असा माणूस मला पुन्हा घरात नकोय. गालिचा नवीन आणलाय."

मी पेल एल लावली. आता शुगर लँडमध्ये ऑक्टोबरात थंडी असते असं समजू नका. इथे ऑक्टोबर म्हणजे सांगलीचा एप्रिल, फक्त घामासकट. आणि यीस्टला गारवा लागतो. त्याला जास्त गरम झालं की ते घाईघाईनं काम उरकतं आणि घाईत नको ते वास सोडतं. म्हणून मी बुधला पाहुण्यांच्या न्हाणीघरातल्या टबात पाण्यात उभा केला, त्याला माझा एक ओला बनियन घातला आणि समोर टेबलफॅन लावला. माठाला ओलं फडकं बांधतो तेच शास्त्र. बुधला बनियन घालून पंख्यासमोर रुबाबात बुडबुडत होता. मला स्वतःचाच हेवा वाटला.

नेमक्या त्याच दिवशी सासूबाई सांगलीहून आल्या.

सासूबाईंना मृणालनं पत्रातून कळवलं होतं की जावई आता धान्याच्या व्यवसायात आहेत. खोटं नव्हतं. गराजमधली माल्टची पोती बघून त्यांनी दोन दाणे चावून पाहिले. "मोड आणलेले जव दिसतायत. सत्त्व विकता का?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं.

"आई, त्याची बिअर करतात," मृणाल म्हणाली. आमच्या घरात सत्य बोलायचं खातं तिच्याकडे आहे.

सासूबाईंनी हात झटकले आणि पोत्याचं तोंड नीट मिटवलं. मी कुठल्याही प्रसंगाला तयार होतो. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मी तोंड लावणार नाही. आणि सांगलीत विचारलं तर इंजिनिअर आहेत असंच सांगणार. तुमची ती तिकडची नोकरी येतेय म्हणे, ती घ्या असं माझं मत. पण घरात विरजण लागलेलं आहे म्हणता, तर माझ्या देखत ते बिघडायचं नाही."

एवढा मोठेपणा बघून माझा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माल आणायला डॅलसला गेलो, मुक्कामाला. मृणालला लॅबमध्ये लागोपाठ दोन पाळ्या होत्या. घरी फक्त सासूबाई आणि बुधला.

परत आलो तो घरात पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरली. एसी बंद. "बाई गं, किती गारठा करून ठेवता घरात," सासूबाई म्हणाल्या. मी न्हाणीघराकडे धावलो. पंखा बंद. टब कोरडा. माझा बनियन धुऊन, घडी घालून कमोडच्या झाकणावर. आणि टबात, सांगलीहून आमच्यासाठी आणलेल्या नव्याकोऱ्या गोधडीत मानेपर्यंत गुंडाळलेला, वर मृणालचा मफलर बांधलेला बुधला. आतून आवाज येत होता तो बुडबुड नव्हता. गाडी घाटात चढते तसा घुमारा होता.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर समाधान. "ओल्या बनियनमध्ये काकडत होतं हो बिचारं. आणि वर पंखा! थंडीत विरजण लागतं का कधी? इडलीचं पीठसुद्धा मी कांबळ्यात ठेवते. बघा आता कसं छान फसफसलंय."

माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हटलं, "वा! छानच फसफसलंय."

"मग! मेलं एवढं कळत कसं नाही तुम्हा शिकलेल्यांना," असं म्हणून त्यांनी मफलरची गाठ घट्ट केली.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच बिअरचं चारित्र्य ठरतं; त्यानंतर गोधडी काढून उपयोग नव्हता. तरी काढली. दुसरी बिअर लावायला दिवस उरले नव्हते. बाटल्या भरताना मी वास घेतला आणि बाटलीसकट खाली बसलो. मृणालला बोलावलं. तिनं हुंगलं.

"शिकरण," ती म्हणाली.

"शिकरण," मी म्हटलं. पपनस कुठच्या कुठे. पिकलेलं केळं, कुस्करलेलं, वर किंचित लवंग. पोळीशी खावी अशी पेल एल.

"यीस्टला ताप आला होता, बाकी काही नाही," जंतूंची डॉक्टरीण म्हणाली.

"तुझ्या आईनं मुद्दाम तर नाही ना केलं? मी तिकडची नोकरी घ्यावी म्हणून?"

मृणालनं माझ्याकडे असं पाहिलं की मी बूच ठोकायला घेतलं. "श्रीकांत, माझी आई खून करेल. पण लागलेलं विरजण मुद्दाम बिघडवणार नाही."

पुढचे तीन आठवडे मी अधूनमधून एक बाटली उघडून आशेनं हुंगत होतो. शिकरण. पुन्हा शिकरण. एकदा वाटलं कमी झाली, पण तेव्हा मला सर्दी होती.

शनिवार उजाडला. दुपारी दुकान गच्च भरलं. सासूबाई आल्या होत्या, कारण दिवाळी नुकतीच झाली होती, त्यांच्या चकल्या उरल्या होत्या, आणि "माणसं काय नुसतं पाणी पीत बसणार?" असा त्यांचा सवाल होता. वेल्डर, वकील, अग्निशमन दलाचे दोन जवान, सगळे त्यांच्यापुढे कागदी बशा घेऊन रांगेत उभे होते. चकली आणि कडू बिअर यांची जोडी ज्यानं चाखली नाही त्यानं आयुष्यात काय केलं ते मला विचारू नये. डोरोथी सासूबाईंना हावभाव करून कृती विचारत होती आणि सासूबाई शुद्ध मराठीत सांगत होत्या, "भाजणी खमंग हवी. ख-मं-ग." दोघींचं उत्तम चाललं होतं.

वॉल्टर काउंटरमागे आपल्या उंच स्टुलावर बसला आणि चाखायला सुरुवात झाली. मी खाकी कागदातली एकेक बाटली ओतून त्याच्यापुढे ठेवत होतो. पहिली बिअर त्यानं पूर्ण प्यायली. "छान." दुसरीही. "छान." लोक एकमेकांकडे बघायला लागले. बादली कोरडी होती. म्हातारा मऊ झाला की काय? तिसरी एका जवानाची होती. तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास मला हातभरावरून येत होता. वॉल्टरनं तीही संपवली. मग मी माझी ओतली.

वास खोलीभर पसरला. पुढच्या रांगेतल्या वकिलानं माझ्याकडे दयार्द्र नजरेनं पाहिलं. डोरोथीनं ओठ चावला. मी बादली स्वतःच वॉल्टरच्या जवळ सरकवून ठेवली, म्हणजे निदान वेदना लवकर संपतील.

वॉल्टरनं घोट घेतला. दुसरा घेतला. थांबला. मी पेनसिल्व्हेनियातल्या बर्फाचा विचार करत होतो. मग त्यानं तिसरा घेतला, आणि ग्लास रिकामा करून खाली ठेवला.

"ही पेल एल आहे," तो म्हणाला. "अशी असते. स्वच्छ. कुणाची आहे?"

"माझी," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. "मग ठरलं," म्हणून त्यानं हात पुढे केला.

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. आणि त्या शांततेत मला एकदम सगळं उमगलं. गेल्या काही महिन्यांत वॉल्टर प्रत्येक बाटलीला आधी मला विचारायचा, "तुझं काय मत?" मला वाटायचं, शिकवतोय. मागच्या आठवड्यात कॉफीचं भांडं करपून काळं झालं होतं आणि तो त्याच्या शेजारी बसून पेपर वाचत होता. वॉल्टरचं नाक गेलं होतं. म्हणून तो दमला होता. केळ्यांचा अख्खा घड नाकाखाली धरला असता तरी त्याला कळला नसता.

त्याचा तो नांगरासारखा हात माझ्यापुढे होता. मी फक्त तो हातात घ्यायचा होता. दुकान माझं, मृणालची लॅब राहिली, गालिचा वाचला. खोलीतले सगळे माझ्यावर माया करणारे. कुणी तोंड उघडलं नसतं. मृणालकडे पाहिलं. ती मदत करेल असं वाटलं. तिनं चकली तोंडात घातली आणि छताकडे बघितलं. हे तुझं तू, असा त्याचा अर्थ.

खरं सांगतो, थोरपणा वगैरे काही नव्हता. मला एवढंच दिसलं की सोमवारी कुणीतरी बाटली घेऊन येईल, हिला काय झालंय म्हणून विचारेल, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला आठवेल की या माणसानं केळ्याच्या बिअरवर दुकान घेतलं. मग माझ्या नाकावर कोण विश्वास ठेवणार?

"वॉल्टर," मी म्हटलं, "ही वाईट आहे."

"काय?"

"हिला केळ्याचा वास येतोय. भरपूर. आणि थोडी लवंग. पहिल्या दोन दिवसांत फार गरम झाली होती. हॉप्सचा मागमूस नाही. ही मी गिऱ्हाइकाला बादलीत ओतायला लावली असती."

वॉल्टरचा हात हळूहळू खाली आला. त्यानं रिकामा ग्लास उचलून नाकाशी धरला. बराच वेळ धरला. एवढा मोठा माणूस ग्लासात काहीतरी हरवल्यासारखा शोधत होता, ते बघवेना.

तेवढ्यात सासूबाईंनी मृणालला विचारलं, "काय म्हणाले गं ते? चेहरे का पडले सगळ्यांचे?"

"म्हणाले, बिअर बिघडली. गरम झाली होती म्हणून."

"गरम? अगं पण ते तर मी..." सासूबाई थांबल्या. मग चकल्यांचा डबा डोरोथीच्या हातात दिला, पदर खोचला आणि थेट काउंटरपाशी येऊन वॉल्टरसमोर उभ्या राहिल्या. "हे बघा वॉल्टरराव," त्या मराठीत म्हणाल्या, "चूक माझी आहे. गोधडी मी गुंडाळली. जावयांनी मला चकार शब्दानं सांगितलं नाही. त्यांना बोलायचं काम नाही. बोलायचं तर मला बोला."

वॉल्टरनं टोपी काढली. ती त्याच्या डोक्यावर नसलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. "बाई काय म्हणतायत?"

मृणालनं सांगितलं. बनियनपासून मफलरपर्यंत, काही न वगळता. अग्निशमन दलाचे जवान आधी फुटले. मग वकील, मग डोरोथी. वॉल्टर हसला नाही, पण त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग तोही हसला, डोळे पुसत. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

"वसंतापासून," तो शेवटी म्हणाला. "आधी वाटलं सर्दी आहे. डॉक्टर म्हणतो, परत यायचं नाही. मला वाटलं ही एक खेप निभावून नेईन, कुणाला कळायच्या आत." त्यानं खोलीभर नजर फिरवली. "तुम्हा सगळ्यांना कळत होतं?"

लोक बुटांकडे बघायला लागले.

"आणि मी सगळ्यांना छान म्हणत होतो," वॉल्टर म्हणाला. "ती तिसरी कशी होती?"

"ओला पुठ्ठा," मी म्हटलं.

"मला तर आनंद झाला होता," पुठ्ठ्याचा मालक असलेला जवान म्हणाला.

वॉल्टर उठला आणि मागच्या खोलीत गेला. मला वाटलं, संपलं. माणसाला चारचौघांत उघडं पाडलं मी; आता कसलं दुकान. पण तो परत आला तो एक जाड हिरवी बाटली घेऊन. त्याची स्वतःची ख्रिसमस एल. दर वर्षी तो ती करायचा, आणि दर वर्षी कार्यक्रमाच्या शेवटी सगळ्यांना चमचा-चमचा मिळायची. या वर्षीची त्यानं करून ठेवली होती, नाकाशिवाय, नुसत्या हाताच्या सवयीनं. कशी झालीय हे त्यालाच माहीत नव्हतं. बूच काढून त्यानं माझ्यापुढे ग्लास भरला.

"सांग," तो म्हणाला. "आणि केळ्याइतकंच खरं सांग."

मागे सासूबाई मृणालच्या कानाला लागल्या होत्या, पण त्यांचं कानात बोलणं म्हणजे रेडिओ. "ह्यांना नोकरी लागली का?"

"लागतेय बहुतेक."

"कसली?"

"वास घ्यायची."

"अगं, मग मी सांगलीत काय सांगू?"

मी वास घेतला. या खेपेला डोळे खरेच मिटले. "आधी करपायच्या बेतात असलेली साखर," मी म्हटलं. "मग मनुका. नाही, मनुका नाही, खजूर. दालचिनी आहे, पण ती पुढे येत नाही, दार धरून उभी आहे." वॉल्टर एकटक माझ्या तोंडाकडे बघत होता, बहिरा माणूस ओठ वाचतो तसा. मी घोट घेतला. "जिभेवर गोड. मधे भाजलेल्या जवाचा कडूपणा. आणि गिळून झाल्यावर..."

"संत्र्याची साल?" त्यानं घाईनं विचारलं. त्याला घाई झालेली मी कधी पाहिली नव्हती.

"आहे. पण एकदम शेवटी, मागून येते."

"उशिरा टाकली होती," वॉल्टर म्हणाला. "मुद्दाम."

"बरोबर टाकलीस. काही बिघडलेलं नाही, वॉल्टर. आज इथे आलेल्या सगळ्यांत हीच चांगली आहे."

त्यानं टोपी डोक्यावर घातली, आपलं उंच स्टूल उचललं, काउंटरला वळसा घालून पलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला नेऊन ठेवलं आणि त्याच्यावर बसला. कोपर काउंटरवर टेकवली.

"मला एक चांगली पेल एल करायचीय," तो म्हणाला. "काय काय लागेल?"

मी फडकं खांद्यावर टाकलं. "पहिल्यांदाच करताय का?" मी विचारलं.